एकट्याची नाव आणि तिची नोंदवही

मराठी वाङ्मयात प्रवासवर्णनांची वाण आहे, असे कोणासही म्हणता येणार नाही. सत्तावनच्या धामधुमीतून पायी वाट काढणाऱ्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजपर्यंत विलायतेच्या, हिमालयाच्या आणि नर्मदा-परिक्रमेच्या वर्णनांनी आमची कपाटे भरत आली आहेत. परंतु या सर्व ग्रंथसंभारात एक प्रकार शोधू गेल्यास हाती लागत नाही. लहानशी शिडाची होडी घ्यावी, ती गाड्यावर घालून एखाद्या नदीच्या वा तळ्याच्या काठी न्यावी, बरोबर कोणासही न घेता शनिवार-रविवारचे दोन दिवस पाण्यावर काढावे, आणि घरी परतल्यावर जे घडले ते जसेच्या तसे लिहून काढावे, असा हा प्रकार आहे. इंग्रजीत त्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी असून तीत उत्तम गद्याचे काही नमुनेही आहेत. आमच्याकडे तो नाही ही खरोखर उणीव आहे, की तो सुखवस्तू लोकांचा रिकामपणाचा उद्योग असल्यामुळे त्याचे नसणेच बरे, हा प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे. हा विचार करताना आम्ही मुंबई-गोव्याच्या समुद्राबरोबरच चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांतील नद्याही डोळ्यांपुढे ठेवणार आहोत. जो वाङ्मयप्रकार समुद्रकाठच्या बंगल्यातच शोभतो आणि वैनगंगेच्या काठी निरर्थक ठरतो, तो मराठीत रुजविण्याच्या खटाटोपात काही हशील नाही, असे आमचे मत आहे.

या परंपरेचा आद्य पुरुष म्हणून जॉन मॅकग्रेगर या गृहस्थाचे नाव घेतले जाते. व्यवसायाने हा लंडनचा बॅरिस्टर. १८६५ साली त्याने 'रॉब रॉय' नावाची सुमारे पंधरा फूट लांबीची हलकी होडी करवून घेतली आणि तीत एकटाच बसून ऱ्हाईन, डॅन्यूब इत्यादी नद्यांतून प्रवास केला. जेथे पाणी संपे तेथे ती होडी तो कधी आगगाडीत चढवी, कधी गाड्यावर घाली, आणि पुढच्या पाण्यात पुन्हा सोडी. मोटारीमागे ट्रेलर जोडून होडी नेणाऱ्या आजच्या हौशी नाविकाचे मूळ येथे आहे. पुढे १८६७ साली एकवीस फुटी शिडाच्या होडीतून एकटाच पॅरिसच्या प्रदर्शनास जाऊन आल्यावर त्याने त्याही सफरीचे पुस्तक लिहिले. मॅकग्रेगरची शैली खेळकर असून होडीतला स्वयंपाक, झोपण्याची सोय, सामानाची मांडणी या गोष्टी तो इतक्या गोडीने सांगतो की वाचकास त्या होडीत आपणच बसल्याचा भास व्हावा. पण एक गोष्ट आम्हांस खटकल्यावाचून राहत नाही. होडीत तो धर्मपत्रिकांचा साठा बाळगी, आणि वाटेत भेटणाऱ्या लोकांस त्या वाटीत जाई. काठावरची माणसे त्याच्या लेखी प्रेक्षक आहेत, नाही तर उपदेशाला पात्र असे श्रोते आहेत. त्यांच्यापासून आपणांस काही शिकावयाचे आहे, असे त्याच्या मनात फारसे आलेले दिसत नाही.

मॅकग्रेगरहून सर्वस्वी निराळ्या तोलाचा लेखक म्हणजे जोशुआ स्लोकम. त्याच्या 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला या प्रकारातील आदिग्रंथ मानण्यास हरकत नाही. हयातभर शिडाच्या जहाजांवर काढलेला हा कप्तान आगबोटींच्या युगात बेकार झाला. शेतात पडलेली एक कुजकी नाव त्याला कोणी फुकट देऊ केली, ती त्याने तेरा महिने खपून फळीफळीने नवी केली, आणि १८९५ च्या एप्रिलात बोस्टनहून निघून तीन वर्षांनी, जून १८९८ मध्ये, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तो परत आला. ही नाव सुमारे सदतीस फुटांची होती. वेळ पाहण्यासाठी त्याच्यापाशी एक पत्र्याचे घड्याळ होते. तबकडी फुटली असल्यामुळे दीड डॉलरचे ते घड्याळ आपणांस एका डॉलरला मिळाले, हे तो मोठ्या समाधानाने नमूद करतो. अशा माणसाच्या पुस्तकात शौर्याची वर्णने दुथडी भरून वाहत असतील अशी अपेक्षा वाचक करील, आणि ती पुरी होणार नाही. स्लोकम आपल्या चुका सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर नाव रेतीत रुतली, नांगर घेऊन तो लहान होडग्यातून निघाला, होडगे उलटले, आणि आपणांस पोहता येत नाही याची आठवण त्याला नेमकी त्या वेळी झाली, हा प्रसंग तो स्वतःची थट्टा करीत सांगतो. हे सांगण्याची त्याला काही गरज होती काय? त्या निर्जन पाण्यात साक्षीदार कोणी नव्हता. न सांगता तर कोणास कळले नसते.

आणि आमच्या मते याच ठिकाणी या वाङ्मयाचे मर्म आहे. जहाजावर पाच माणसे असली म्हणजे चूक पाच ठिकाणी वाटून देता येते. दोर कोणी सैल बांधला, नांगर कोणी अपुरा सोडला, याचा वाद घालता येतो. एकट्या माणसास ही सोय नाही. दोर त्यानेच बांधलेला असतो आणि सुटल्यावर बुडावयाचेही त्यालाच असते. म्हणून एकट्याच्या नौकाप्रवासाचे खरे पुस्तक हे मूलतः नोंदवहीचे वाङ्मयीन रूप होय. वाऱ्याचा अंदाज काय केला, तो कोठे चुकला, शीड केव्हा आखडावयास हवे होते आणि केव्हा आखडले, परत फिरण्याची वेळ कोणती होती आणि आपण ती का दवडली, असा हा हिशेब असतो. वाण्याच्या खतावणीत खोटी रक्कम लिहिली तर ती पुढच्या पानावर आड येते. तसेच या लेखनात खोटे धाडस लिहिले तर पुढच्या प्रकरणात वाचकाच्या ध्यानात येते. धैर्याचे वाङ्मय आमच्याकडे पोवाड्यांपासून भरपूर आहे. स्वतःच्या चुकीचा हिशेब शांतपणे मांडणारे गद्य मात्र विरळा. मराठीत या प्रकाराची उणीव आम्हांस भासते ती याच कारणाने.

या कसोटीस लांब-रुंद प्रदक्षिणेची आवश्यकता नाही. किंबहुना दोन दिवसांची सफर तिला अधिक अनुकूल होय. शनिवारी निघालेल्या माणसास सोमवारी कामावर हजर व्हावयाचे असते, आणि ही घाई वाऱ्याइतकीच मोठी शत्रू आहे. हवा बिघडली असताही निघावे, मुक्काम करावयाचा तेथे न करता पुढे रेटावे, असा मोह हिच्यामुळे होतो. लहान होडीने काय काय सोसावे लागते हे पाहावयाचे असल्यास फ्रँक डाय या इंग्रज नाविकाचे 'ओशन क्रॉसिंग वेफेअरर' हे १९७७ सालचे पुस्तक वाचावे. सुमारे सोळा फूट लांबीची, वर छप्पर नसलेली, मोटारीमागे ओढून नेता येण्याजोगी ही होडी. १९६४ साली एका सोबत्यासह नॉर्वेकडे जाताना वादळात ती अनेकदा उलटली आणि डोलकाठी मोडली. या पुस्तकातील उत्तम भाग वादळाचा नसून तयारीचा व दुरुस्तीचा आहे, हे पुष्कळ वाचकांच्या ध्यानात येत नाही.

आता या वाङ्मयाची दुसरी बाजू पाहू. चुकीचा हिशेब प्रामाणिकपणे लिहिणारे हे लेखक ऋणाचा हिशेब लिहिताना मात्र पुष्कळदा अडखळतात. 'डाउन चॅनल' या १८६९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाचा कर्ता मॅकमलन याचे उदाहरण घ्या. नौकानयनातील टापटिपीचा हा आचार्य. परंतु पगारी खलाशांशी त्याचे पटेना. १८७७ साली फ्रान्सच्या शेर्बूर बंदरात त्याने आपल्या खलाशांस काढून टाकले आणि ती अवजड नौका एकट्याने परत आणली. हा पराक्रम वादातीत आहे, पण त्या खलाशांविषयी तो ज्या तुच्छतेने लिहितो ती वाचून, याचे एकाकीपण समुद्राने दिलेले की स्वभावाने, असा प्रश्न पडतो. १८९१ साली त्याला मरण आले तेही एकट्याने, नौकेत बसल्या जागी. आणि नौका तशीच चालत असता ती आढळली कोणाला, तर फ्रेंच कोळ्यांना. स्लोकमसुद्धा या दोषातून सुटत नाही. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री तद्देशीय लोक नावेवर चढू नयेत म्हणून त्याने डेकवर खिळे पसरून ठेवले, हा प्रसंग जगभर हसत वाचला गेला आहे. तेथील जीवितभय खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते पाणी पिढ्यान् पिढ्या ज्यांचे होते ते अनवाणी लोक त्याच्या पुस्तकात केवळ ओरडत पळणाऱ्या सावल्या म्हणून येतात, आणि चुकांचा एवढा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या लेखकास ही बाकी दिसत नाही, याचे वाईट वाटते.

या बाबतीत आमच्याच एका नाविकाचे पुस्तक आम्हांस अधिक मोठ्या मनाचे वाटते. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि चार बंदरांत मुक्काम करून मे २०१० मध्ये मुंबईस परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्या 'द फर्स्ट इंडियन' या इंग्रजी पुस्तकाचा मोठा भाग नौका समुद्रात लोटण्यापूर्वीच्या दिवसांनी व्यापला आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची मूळ कल्पना, आपण होकार दिला तेव्हा आपणांस किती थोडे ठाऊक होते याची कबुली, गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली नौका, आणि त्या बांधणीत पदोपदी आलेल्या अडचणी, या सर्वांचे वर्णन त्यांनी केले आहे. नौकेचे नावही मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव. एकट्याची प्रदक्षिणा ही कितीतरी हातांची निर्मिती होती, ही गोष्ट या पुस्तकात लपविलेली नाही. भाषेच्या दृष्टीने त्यात फार उंची नाही, आणि हे पुस्तक मूळ मराठीत लिहिले गेले नाही याची चुटपुट आम्हांस लागते. पण हिशेब दोन्ही बाजूंनी लिहिला आहे, जमेचा आणि देण्याचाही. सप्टेंबर २०१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या दुसऱ्या नौकेतून एकट्याने जाणारे अभिलाष टॉमी हिंदी महासागराच्या दक्षिण टोकास जायबंदी होऊन पडले, तेव्हा त्यांना उचलले एका फ्रेंच मत्स्यविभागाच्या जहाजाने. समुद्रावर एकटा असतो तोही अखेर कोणाच्या तरी हाताच्या भरवशावर असतो.

येथपर्यंत समुद्राच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या नद्यांकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडून वर्धा येते, पूर्वेकडून वैनगंगा येते, आणि चपराळ्याच्या अरण्याजवळ दोघींचा संगम होऊन प्राणहिता हे नाव सुरू होते. तेथून सुमारे ११३ किलोमीटर वाहत जाऊन सिरोंच्याजवळ ती गोदावरीस मिळते. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला गेला, तेव्हा वैनगंगा दोघांमधील सीमा बनली. या पाण्यावर शहरी माणसाने मोठ्या नौका चालविण्याचे स्वप्न एकदा पाहिले होते. गोदावरीच्या त्रिभुजप्रदेशात धवळेश्वरमचे धरण बांधणाऱ्या सर आर्थर कॉटनच्या प्रेरणेने वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरी-प्राणहितेच्या मार्गाने समुद्रास नेण्याची योजना आखण्यात आली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी या तीन ठिकाणचे खडकाळ अडथळे बांध-कालव्यांनी ओलांडावयाचे होते. काम वर्षानुवर्षे चालले, पैसा पाण्यासारखा गेला, १८६७ साली नागपुरास आगगाडी आली, आणि १८७१ साली सरकारने योजना सोडून दिली. पावसाळ्यात अक्राळविक्राळ आणि उन्हाळ्यात वाळूचे पट्टे उघडे टाकणाऱ्या या नदीने मोठ्या नौकेस नकार दिला. तिने स्वीकार केला तो झाडाचे खोड कोरून केलेल्या डोंग्याचा. त्याला शीड नाही, कणा नाही; वल्हे किंवा बांबू आणि नावाड्याची नजर एवढाच त्याचा सरंजाम. पण खडक कोठे दडला आहे आणि वाळू यंदा कोणत्या अंगास सरकली आहे, याचे जे ज्ञान त्या नजरेत साठले आहे, ते कोणत्याही नकाशावर उतरलेले नाही.

आमच्या वाङ्मयात ते उतरले आहे काय? आम्हांस नाही असेच उत्तर द्यावे लागते. नद्यांना लोकमाता म्हणून वंदन करणाऱ्या काका कालेलकरांसारख्या थोर लेखकाचा अपवाद धरूनही, आमची दृष्टी मुख्यतः घाटावरची आहे. आम्ही मार्कंडाच्या देवळापाशी उभे राहतो, वैनगंगा येथे उत्तरवाहिनी झाली म्हणून हात जोडतो, शिल्पाची वाखाणणी करतो आणि गाडीत बसून परततो. पाण्यावरून काठ कसा दिसतो, हे आम्हांस ठाऊक नाही. ज्यांस ते ठाऊक आहे ते धीवर आणि नावाडी लिहीत नाहीत; आणि जे लिहितात ते पाण्यात उतरत नाहीत.

येथे एक आक्षेप उभा राहील, आणि तो हलक्याने उडवून लावण्याजोगा नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील मजूर स्त्रिया मिरची तोडण्याच्या कामासाठी वैनगंगा ओलांडीत असता त्यांची नाव उलटली आणि त्यांतील कित्येकींना प्राण गमवावे लागले. पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडचा जगाशी संबंध तुटल्याच्या बातम्या पावसाळ्यामागून पावसाळे आम्ही वाचीत आलो आहोत. ज्या पाण्यावर रोजच्या मजुरीसाठी माणसे जीव मुठीत धरून जातात, तेथे कोणी मोटारीमागे शिडाची होडी बांधून यावे, दोन दिवस एकांताचे सुख घ्यावे आणि त्यावर ललित लेख लिहावा, ही क्रूर थट्टा नव्हे काय?

जर तो लेख मॅकग्रेगरच्या वळणाने लिहिला गेला, तर ती थट्टाच होईल, हे आम्ही मान्य करतो. अरण्य निर्जन आहे, नदी अनाघ्रात आहे, आणि आपण एकटे आहोत, या तिन्ही गोष्टी असत्य असतील. पण आक्षेपकांस आमचे एवढेच विचारणे आहे, की घाटावरून लिहिण्याने त्या मजूर स्त्रियांवर काही उपकार झाला काय? त्यांच्या मरणाची बातमी चार ओळींची आली आणि दोन दिवसांत मागे पडली, याचे एक कारण असे आहे की, नाव भरली म्हणजे तिची कड पाण्यापासून किती वर राहते, एक माणूस बाजूस झुकल्याने काय होते, मध्यप्रवाहातून परत फिरणे का कठीण असते, याची आम्हां वाचकांस कल्पनाच नाही. जो मनुष्य स्वतः लहान होडीत एकटा बसला आहे, एकदा तरी चुकला आहे, घाबरला आहे आणि ते लिहून ठेवण्याइतका प्रामाणिक आहे, त्याचे पुस्तक वाचलेला वाचक ती चार ओळींची बातमी निराळ्या मनाने वाचील. हौशी माणसाच्या भीतीस आणि मजुराच्या भीतीस एका पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतू नाही. एकाने ती विकत घेतलेली असते, दुसरीवर ती लादलेली असते. हा भेद ज्याच्या ध्यानात राहील त्यानेच या नदीवर लिहावे. ज्याच्या राहणार नाही त्याने खुशाल समुद्राकडे जावे.

तेव्हा आमचा अभिप्राय येणेप्रमाणे आहे. हा वाङ्मयप्रकार मराठीत यावा, पण तो परदेशी पुस्तकांची नक्कल म्हणून येऊ नये. स्लोकमपासून त्याने चुकीचा हिशेब घ्यावा, दोंद्यांपासून ऋणाचा हिशेब घ्यावा, आणि मॅकमलनची तुच्छता बंदरातच सोडावी. प्राणहितेवर जो कोणी आपली होडी घेऊन जाईल, त्याने होडी पाण्यात लोटण्यापूर्वी काठावरच्या नावाड्यास वाट विचारावी, आणि जे उत्तर मिळेल ते त्या नावाड्याच्या शब्दांत आपल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे. परत फिरण्यास सांगितले तर परत फिरावे, आणि परत फिरल्याचेच वर्णन लिहावे; ते पुस्तक आम्ही आनंदाने वाचू.

याहूनही एक मोठी अपेक्षा आमच्या मनात आहे. ज्याचा बाप डोंगा चालवीत होता आणि जो स्वतः शाळेत जाऊन लिहावयास शिकला, असा एखादा तरुण वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आज खचित असेल. त्याला शिडाची होडी नको, ट्रेलर नको, शनिवार-रविवारची सुटीही नको. एक वही आणि एक वर्षाचे पाणी एवढे त्याला पुरे आहे. ते पुस्तक आले, तर या लेखात आम्ही नावाजलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळांस आपली जागा थोडी मागे घ्यावी लागेल, आणि तशी ती घ्यावी लागल्यास आम्हांस खेद होणार नाही.